अश्विनीचे जिवाणू आणि माझं घर

चौबे कॉलनीतल्या घराला कुलूप लावायचं म्हणून मी बाहेर यायची आणि पुन्हा आत जायची. गॅस बंद आहे का, मागचं दार लागलं का, देवघरातली समई शांत झाली का. माझी मुलगी अश्विनी टॅक्सीत सामान ठेवून वाट बघत होती. शेजारच्या कुंदाताईंच्या हातात चावी दिली आणि म्हटलं, चार महिन्यांत येते. त्या रडल्या नाहीत, मीच रडले. अश्विनीच्या बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि आईनं रायपूरला एकटं राहायचं नाही, हा पोरीचा हट्ट होता. माझ्या मनात वेगळंच होतं. पोट्टी हैदराबादला धड जेवत नव्हती, वाळून काडी झाली होती. तिला जरा अंगावर आणावं म्हणून मी निघाले होते. कोण कोणाला सांभाळायला चाललं होतं, देव जाणे.

आपल्या महिला मंडळातल्या बायांनो, आणि माझ्यासारखं घर बंद करून लेकरांमागे गेलेल्यांनो, तुम्ही सारख्या विचारता म्हणून हे लिहिते आहे. पोरगी जिवाणूंच्या केसांवर संशोधन करते, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. त्यावर एकीनं केसगळतीचा उपाय विचारला होता. नाव घेत नाही. तसं तेव्हा मलाही त्याहून जास्त काही समजलेलं नव्हतं.

अश्विनीचा जिवाणू धानावर, म्हणजे भातपिकावर पडतो आणि पानं वाळवतो. धान म्हटल्यावर मी सावरून बसले, शेवटी आपण छत्तीसगडची माणसं. हा डोळ्याला न दिसणारा जीव अंगातून बारीक केस बाहेर काढतो, त्याला पिलस म्हणतात. विहिरीत पडलेल्या बादलीसाठी आपण गळ टाकतो, तसा तो केस पुढे टाकायचा, कुठेतरी अडकवायचा आणि ओढून घेत सरकायचं. केस बाहेर काढणारं प्रथिन एक, काढायचा की नाही याचा निरोप ऐकणारं दुसरं, आणि या दोघांना धरून ठेवणारं मधलं तिसरं. लॅपटॉपवर ती मला ते दाखवायची, नुसती रंगीत फितींची गुंतवळ. यातलं कोण कोणाला सांगतं, असं मी विचारायची. आमच्याकडे मी मराठीत विचारते आणि ती हिंदीत उत्तर देते.

"आई, वही तो पता नहीं," ती म्हणायची. एवढ्या शिकलेल्या पोरीनं इतक्या आनंदानं पता नहीं म्हणावं, याची मला गंमत वाटायची.

मधलं काढून टाकलं तर काय होतं, हेही मी विचारलं होतं. मग केस निघतच नाही म्हणे, जीव जागच्या जागी बसून राहतो. दोन-दोन प्रथिनं एकमेकांना कशी धरतात ते तिला दिसलं होतं. तिन्ही एकत्र मात्र टिकत नव्हती, सुटी व्हायची. असं झालं की ती घरी येऊन नुसता भात चिवडत बसायची आणि मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची.

चार महिने कधीच उलटून गेले. लिफ्टमधल्या बाया तेलुगूत काहीतरी विचारायच्या, मी हिंदीत हसायची. भाजीवाल्याकडे गोंगुरा नावाची जुडी बघितली, तर ती आपली अंबाडी निघाली. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

मग एका रविवारी लावण्या जेवायला आली. अश्विनीच्याच लॅबमधली मुलगी. वरणभात खाता खाता सहज म्हणाली, आंटी, तुम्हीच हिला समजवा. परदेशातल्या एका लॅबनं अश्विनीला बोलावलं होतं, दोन वर्षांसाठी. तिथल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकात ती तिन्ही प्रथिनं एकत्र दिसण्याची आशा होती. आणि माझी पोरगी नाही म्हणून बसली होती. अश्विनी ताटातून मान वर करेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी विषय काढला.

"काहून नाही सांगितलं मले?"

"क्या बताती? तू मेरे लिए घर बंद करके आई है."

मी कपातल्या चहाकडे बघत म्हटलं, "मले इथं करमून नाही राहिलं. मले रायपूरले जायचं आहे."

"सच में?"

"हव."

तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं आणि दुखावल्यासारखंही. मला वाटलं, मी पोरीसाठी खोटं बोलले. पण बोलता बोलता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणजे ते खरंही असेल. खरं काय, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

ती गेली, मी रायपूरला आले. कुंदाताईंनी घर झाडून ठेवलं होतं. सगळ्या म्हणाल्या, बरं झालं, आपल्या घरी आलीस. मीही मान हलवली. पहिल्याच आठवड्यात बाजारात मी गोंगुरा मागितला. भाजीवाली बघतच राहिली. तिच्यासमोर अमारीचा, म्हणजे त्याच अंबाडीचा ढीग होता आणि मी दुसरीकडेच शोधत होते. संध्याकाळी तेलीबांध्याच्या तलावाला चक्कर मारताना ओळखीचं कोणी भेटतं, मन लागलं का विचारतं. हो म्हणते. पूर्वी कोणी घर कुठे विचारलं तर मी पटकन चौबे कॉलनी सांगायची. आता मनात आधी येतं, तिकडे किती वाजले असतील, ती जेवली असेल का.

परवा दुपारी अश्विनीचा फोन आला. तिन्ही प्रथिनं दिसली होती, धूसर, पण एकत्र. मधल्यानं दोघांना तिला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच धरलं होतं. ती भराभर सांगत होती, मला अर्धंच कळत होतं, पण ऊर भरून आला. मग बोलता बोलता ती थांबली.

"आई, घर आना है."

काम पुरं कर मग ये, असं मी म्हणायला हवं होतं. तोंडून निघालं भलतंच.

"कोणत्या घरी?"

"पता नहीं. तू बता."

एवढं वय झालं, अर्धा जन्म या एका घरात गेला, पण मला सांगता आलं नाही. तिकडे किती वाजले, जेवलीस का, असंच मी विचारत राहिले, आणि फोन कोणीच ठेवत नव्हतं.