किसनच्या मळ्यात राहिलेला फुटबॉल

नारायण मास्तर गेल्याची बातमी किसननेच आणली. वाशीमच्या बाजारात वांग्याची पाटी उतरवत म्हणाला, "मास्तर गेले रे," आणि पाटीवरची ओली गोणी उगाच नीट करत बसला... मास्तर शाळेत आम्हाला ड्रिल शिकवत, फुटबॉलही. मी तेव्हा कप्तान, किसन गोलकीपर.

प्लेगच्या साली दिवाळीची सुटी लांबतच गेली. लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिले. शाळा उघडली तेव्हा अकोल्याचा सामना तोंडावर आलेला, आणि आम्ही बसून बसून जड झालेलो. वाटलं, मास्तर आता पळवून जीव काढतील. त्यांनी पळवलंच नाही. शाळा सुटली की रोज एकेका गड्याच्या घरी आम्हाला चालत न्यायचे. वाटेत चेंडू एकमेकांकडे द्यायचा, तिथं भाकरी खायची, परत यायचं. म्हणत, "पाय होतात मोकळे आपोआप. आधी एकमेकाची सवय झाली पायजे." मला हा सगळा वेळ फुकट चालला असं वाटे.

शेवटी किसनच्या मळ्यात गेलो. प्लेगमध्ये त्याची आई गेली होती, शाळा उघडल्यापासून तो आलाच नव्हता. तो वाफ्यांना पाणी देत होता. वर पाहिलंच नाही. बाप म्हणाला, "आता नाही येत तो." मास्तरांनी वाद घातला नाही. आम्हालाही पाणी द्यायला लावलं, आणि निघताना शाळेचा एकुलता एक फुटबॉल त्यांच्या झोपडीत ठेवला.

"मंग आमी कायनं खेळाव?" मी चिडून विचारलं.

"तो आला म्हंजे खेळू."

मग रोज बिनचेंडूचा सराव. बाजारभर आमचं हसू झालं. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी किसन आला, काखेत चेंडू. "हवा गेली याची," एवढंच बोलला. मास्तरांनी पंप आणला. अकोल्यात आम्ही सडकून हरलो, पण गोलात किसन उभा होता, आणि हरल्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. मास्तरांचा तो ठामपणा मी पुढे जन्मभर लोकांना सांगत आलो.

तेरवीनंतर मास्तरीणबाईंपाशीही तेच सांगू लागलो. त्या हसल्या.

"ठाम कायचे? रोज सांजी त्या मळ्याच्या धुऱ्या-बांधापर्यंत जात, पोरगं चेंडूले हात लावते का ते पाह्यत. घरी आले का घास उतरे नाही. तवापासून सवयच लागली, चक्कर मारल्याबिगर कधी जेवले नाहीत... अजून माह्या हातून सैपाक उशिराच होते."