मोठे ग्रेडर जेवायला उठत

रांगेत कापसाच्या वीस गाड्या असोत की शंभर, दुपारी बारा वाजले की मोठे ग्रेडर उठत. हात धूत, लिंबाखाली डबा उघडत आणि जेवल्यावर अर्धा तास चक्क डोळे मिटून बसत. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "गाड्या कोठी पळून नाई जात."

सरकार कापूस घेऊ लागलं त्या सुमारास मी वर्ध्याजवळच्या एका खरेदी केंद्रावर लागलो. घरातला पहिला पदवीधर. नोकरीची कृतज्ञता एवढी, की दिवसभर पाणी प्यायलाही उठत नसे. चिमूटभर कापूस ओढायचा, धाग्याची लांबी बघायची, प्रत ठरवायची, पुढची गाडी. शेतकरी मला 'लहान ग्रेडर' म्हणत. तेही सोसलं असतं. पण मी रिकामा असतानाही माणसं मोठ्या ग्रेडरांनी डोळे उघडायची वाट बघत, ते सोसवत नसे. मॅट्रिक नापास माणूस! मी आतून जळत असे.

"बापू, जेवला का?" ते विचारत.

"काम आहे," मी टोचून म्हणे.

"काम त उद्याही हाये. बोटं थकले त खोटं सांगतेत."

एकदा दुपारी चारला एक म्हातारा माझ्यापुढे अडून बसला. "साहेब, दोन्ही गाड्या एकाच वावरातल्या. सकाळच्याले तुमीच वरचा ग्रेड देल्ला, याले खालचा काऊन?"

माणसं जमली. "मोठ्याले दाखवा न जी!" कुणीतरी ओरडलं. मला वाटलं, संपली आपली अब्रू.

मोठे ग्रेडर आले, पण कापसाला त्यांनी हातही लावला नाही. "माल यानं पाह्यला, यानंच सांगावं. पोरगा सकाळपासून उपाशी हाये. आधी जेवू द्या त्याले."

म्हाताऱ्याने आपल्याच शिदोरीतली भाकर पुढे केली. मी जेवलो, हात धुतले, पुन्हा कापूस ओढला. वरचीच प्रत होती. सगळ्यांसमोर तसं सांगितलं. मोठ्या ग्रेडरांनी माझी लाज राखली, याचाही मला हेवा वाटला.

तेव्हापासून बाराला जेवू लागलो. पण ते सहाला सायकलवर टांग टाकून पवनारला घरी निघत, तेव्हा मी मात्र केंद्रावर बसूनच असे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते गेले. हंगाम ऐन भरात होता, तरी भेटायला गेलो. ओसरीवरची माणसं त्यांच्या भजनाबद्दल, वांग्यांच्या वाफ्यांबद्दल बोलत होती. मी म्हटलं, "आम्ही सोबत ग्रेडर होतो."

त्यांची नात चकित झाली. "आबा ग्रेडर होते? ते त नदीवर पोरायले पोहणं शिकवत!"

केंद्रावर इतकी वर्षं जळलो, पण असा कधी जळलो नव्हतो. परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या विचार करू लागलो, माझी मुलगी माझ्याबद्दल काय सांगेल. कापसाशिवाय काही सुचेना.

केंद्रावर न जाता सरळ घरी आलो. अजून उजेड होता. मुलगी अंगणात खेळत होती. मला बघून ती थबकली.

"बाबा, बरं नाई का तुम्हाले?"