बाईंचं एकमेव खोटं

डॉ. सुलभाताई कायगावकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका तरण्याताठ्या मुलाची खरडपट्टी काढत होत्या. वडिलांना बाहेर बाकावर बसवून तो एकटाच तपासणीच्या खोलीत शिरला होता आणि "आमच्या दादांला काय सांगू नका, साधी गाठ हाय म्हणा" असं हात जोडून विनवत होता. आपल्याकडे हे घरोघर चालतं. आजार एकाचा, आणि तो सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक. बाई म्हणाल्या, "आधी त्यांना आत आणा. आजार त्यांचा आहे, त्यांच्या पाठीमागे मी बोलणार नाही." दादा आत आले, खुर्चीत बसले आणि पोराला पाणी आणायला पिटाळून हळूच म्हणाले, "मॅडम, कॅन्सर हाय ना? मला ठावं हाय. पोराला सांगू नका, लई भित्रं हाय ते."

मी संभाजीनगरला बाईंच्या हाताखाली कॅन्सरचे उपचार नुकतीच शिकायला आले होते. त्या दिवशी जो धडा मिळाला तो अजून पुरतो आहे. पेशंटशी खोटं बोलायचं नाही, हा बाईंचा दंडक. खरं सांगताना घाई करायची नाही, हा त्याला जोडलेला दुसरा. वाईट बातमी द्यायची असली की बाई आधी स्वतः खाली बसत आणि आम्हालाही बसवत. उभ्याउभ्या सांगितलेलं माणसाला पोचत नाही, असं त्या म्हणायच्या.

या कामात सगळेच बरे होत नाहीत. नव्या डॉक्टरला ते फार लागतं, मलाही लागलं. लासूर स्टेशन गावच्या एका आजींवर उपाय उरला नाही, तेव्हा मी त्यांच्या खाटेकडे जायचं टाळू लागले. बाईंनी ते ओळखलं. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी थर्मासमधून कुल्फी आणली आणि चमचा माझ्या हातात दिला. आजींना बरेच दिवस काही गिळवत नव्हतं. त्यांनी चमचाभर कुल्फी तोंडात घोळवली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "मलई कमी घातली." बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की सिस्टर धावत आल्या. त्यानंतर मी कुणाची खाट टाळली नाही.

या गौरवग्रंथात बाईंच्या सत्यप्रियतेवर अनेकजण लिहितील, आणि ते योग्यच आहे. पण बाई एकदा पेशंटशी धडधडीत खोटं बोलल्या आहेत, आणि त्याची मी साक्षीदार आहे.

फर्दापूरला हॉटेल चालवणारे सर्जेराव आले ते मानेत भलीमोठी गाठ घेऊन. किमोच्या सहा फेऱ्या ठरल्या. दोन होताहोताच गाठ हाताला लागेनाशी झाली, आणि सर्जेरावही दिसेनासे झाले. फोन केला, तर पलीकडून आनंदी आवाज आला. "गाठ गेली मॅडम! पीरबाबाला नवस बोललो व्हतो. रविवारी कंदुरी हाय, तुम्ही यायचंच." कंदुरी म्हणजे दर्ग्यापाशी बकरं कापून गावाला घातलेलं नवसाचं जेवण. मी समजावलं की गाठ दिसत नसली तरी आजार आत आहे, आता थांबलात तर तो उलटेल आणि मग औषधाला दाद देणार नाही. ते "व्हय, व्हय" म्हणाले आणि पुन्हा कंदुरीचंच आमंत्रण दिलं.

बाई म्हणाल्या, "बोलावलंय तर जाऊ या." गाडी मी चालवली, बाईंचं ड्रायव्हिंग हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पोचलो तेव्हा चुलीवर मोठमोठी पातेली चढलेली होती. सर्जेराव पाया पडायला वाकले, तसं बाई म्हणाल्या, "वाढा. भूक लागली."

"आजून शिजलं नाय मॅडम. आत्ताशी उकळी फुटली."

"वास तर छान सुटलाय. वरून शिजल्यासारखंच दिसतंय. वाढा."

"आतून कच्चं हाय. बाधंल तुम्हाला."

"सर्जेराव, दोन फेऱ्यांवर उठून आलात, तेही आतून कच्चंच आहे. मला कच्चं चालत नाही, मग तुम्हाला कसं चालतं?"

सर्जेरावांच्या पत्नी पदराला हात पुसत पुढं आल्या. "मी हेच सांगत व्हते," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. सर्जेराव डोक्यावरची टोपी काढून चकचकीत टकलावरून हात फिरवत राहिले. "बाबाला दिलेला शब्द पाळला, मॅडमचा मोडला," ते शेवटी म्हणाले. "मंगळवारी येतो. पण आता शिजल्यावर पोटभर जेवून जायचं."

तेव्हा बाईंना कबूल करावं लागलं की त्या जन्मापासून शाकाहारी आहेत. भूक वगैरे सगळं खोटं होतं. सगळी पंगत खदखदून हसली आणि बाईंपुढं गूळ-भाकरीचा मलिदा आला.

परतताना मी विचारलं, "बाई, त्यांनी खरंच वाढलं असतं तर?"

"तर खाल्लं असतं," बाई म्हणाल्या आणि खिडकीची काच खाली केली.

कॅन्सरचा डॉक्टर कसा असावा, असं मला विद्यार्थी विचारतात तेव्हा मी हेच उत्तर सांगते.

सर्जेराव मंगळवारी आले आणि उरलेल्या चारही फेऱ्या त्यांनी पुऱ्या केल्या. आज ते ठणठणीत आहेत. परवा तपासणीला आले, तेव्हा बाईंच्या पंचाहत्तरीचं मी त्यांना सांगितलं. आम्हा सर्व शिष्यांना बाईंच्या उदंड, निरोगी आयुष्यासाठी जे मागायचं आहे, ते त्यांनी माझ्याआधीच मागून ठेवलं होतं.

"मॅडमसाठी नवस बोललोय," ते म्हणाले. "पुरणपोळीचा. शंभरी झाल्यावर फेडणार. त्यांना सांगा, मधीच उठायचं नाय."