तलबेहटच्या तलावाकाठी विजेचं वाळवण

"मध्येच परतावं लागलं ना, तर पुन्हा मला चल म्हणू नकोस," झाशीच्या सिविल लाइन्समधल्या घरातून निघतानाच आईनं बजावलं. सात वर्षं ती इन्शुलिन घेतेय, आणि तेव्हापासून फ्रिज नसेल तिथे एक रात्रही राहिलेली नाही. म्हणून तर मी आमच्या जुन्या व्हॅनमध्ये दुसरी बॅटरी बसवली! तिच्यावर छोटा फ्रिज, टपावर सोलर पॅनल, शिवाय गाडी चालताना इंजिनकडून चार्जिंग. फेब्रुवारीची अखेर, दोन रात्री, आई आणि मी. मी इतका खुशीत होतो की इलाइट चौराह्याच्या गर्दीतही हॉर्न वाजवला नाही.

बबीन्यावरून तलबेहटपर्यंत हायवे झकास आहे, थांबत गेलात तर दीड तास धरा. बबीन्याला समोसे नि चहा दोघांत साठ रुपयांत झाला. मुक्काम ओळखीच्या रामरतनभैयांच्या शेतात, तलावाला लागून. त्यांना आधी फोन करून विचारलं होतं. मोहरलेल्या आंब्याखाली गाडी लावली, कारण आम्ही झाशीकर गाडी उभी करताना आधी सावली बघतो, मग थंडी का असेना. समोर पाणी, वर किल्ला, काठाला बगळे. आई चपला काढून थेट पाण्यात! "किती छान रे," असं तीनदा म्हणाली.

दुसऱ्या सकाळी बॅटरीचा मीटर बघितला. ११.९ व्होल्ट! भरलेली बॅटरी १२.७ दाखवते आणि ११.५ला फ्रिज बंद पडतो. इंजिनकडून येणाऱ्या तारेचा फ्यूज वाटेतच उडाला होता आणि जादा फ्यूज घरी टेबलावर. टपावरचं पॅनल? ते बिचारं कालपासून आंब्याच्या सावलीत.

"परत जावं लागेल बहुतेक," मी कबूल केलं. "की गाडी उन्हात लावू?"

आईनं टपाकडे पाहिलं. "गाडी तापली तर फ्रिज जास्त वीज नाही का खाणार? ते पॅनल काढ खाली. पापड कधी सावलीत वाळवलेत का मी?"

रामरतनभैयांच्या बायकोकडून, गुड्डीभाभींकडून, तिनं खाट मागून आणली. खाटेला टेकवून पॅनल सूर्याकडे केलं. नशिबानं मी लांब तार घेतली होती. मग दर अर्ध्या तासानं आई उठायची, खाट फिरवायची, पदरानं काचेवरची धूळ पुसायची, शेळ्या हाकलायची. दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरडयांमागे ती हेच करते, आणि मी जन्मभर ते बघत आलोय.

गुड्डीभाभी येऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या, हे काय वाळवताय म्हणून विचारत. "काय अम्मा, जो का सुखा रईं?"

"बिजली!" आई म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

चार वाजता पॅनलची तार काढून मीटर बघितला. १२.५! मी चक्क नाचलो.

"ओरडू नकोस, बगळे उडतील," आई म्हणाली, पण तीही हसत होती. आम्ही राहिलो. भाभींच्या घरची निखाऱ्यावरची गक्कड नि वांग्याचं भरीत जेवलो. गक्कड म्हणजे आपली बाटीच.

जाणार असाल तर जादा फ्यूज न्या, पॅनल सुटं ठेवा, तार लांब घ्या.

परवा गच्चीवर गेलो, तर आईनं जुन्या साडीवर कुरडया घातल्या होत्या आणि साडीचा एक कोपरा मोकळा सोडला होता.

"इथे काय?"

"तुझं पॅनल ठेव. आणि काय रे, त्या फ्रिजमध्ये पंधरा दिवसांचं इन्शुलिन मावेल का?"