अंतराळात भाकरी चालत नाही

शाळेत विज्ञान शिकवताना माझा हातखंडा विषय एकच: अंतराळात माणसं राहतात कशी. ग्रहांची नावं मुलं पाठ करतात आणि विसरतात, पण तिथं शौचाला कसं बसतात हे एकदा सांगितलं की जन्मभर विसरत नाहीत. घरी माझा एकच विद्यार्थी होता, माझे बाबा. मूळचे मैंदर्गीचे, पण हयात गेली सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणण्यात. तिन्हीसांजेला अंतराळस्थानक शहरावरून जाणार असलं की मी त्यांना गच्चीवर नेई. तो न लुकलुकणारा ठिपका सरळ निघून जायचा, आणि त्यात माणसं बसून जेवतायत हे त्यांना पटता पटायचं नाही.

त्यांच्या शंका कारागिराच्या असत. ओल्या टॉवेलानं अंग पुसतात, हीच तिथली आंघोळ, म्हटल्यावर टॉवेल किती जाड लागतो ते त्यांनी आधी विचारलं. पिशवीत शिरून, पिशवी भिंतीला बांधून झोपतात, याचं त्यांना वाईट वाटलं. लघवी गाळून तेच पाणी पितात हे कळलं, त्या संध्याकाळी चहा नको म्हणाले. मग मी सांगितलं की तिथं पाव नेत नाहीत. त्याचे कण खाली पडत नाहीत, तरंगतात, डोळ्यांत जातात, यंत्रात शिरतात.

"मग कडक भाकरी?"

"ती तर मुळीच नाही."

"मग मरायला कशाला जायचं तितं," असं म्हणून ते किती वेळ हसत राहिले. आमच्याकडे प्रवासाला निघालेल्याच्या पिशवीत पापडासारखी वाळवलेली ती भाकरी आणि शेंगाची चटणी घातल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडू देत नाही. ज्या प्रवासाला भाकरी चालत नाही असा प्रवास त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांची एक बाजू गेली. गिळणंही अवघड झालं. डॉक्टरांनी बजावलं, कोरडं, भुगा होणारं काही देऊ नका, श्वासनलिकेत जाईल. मऊ, दाटसर द्या. मी तांदळाची पेज, मूगडाळ, शिजवून घोटलेला भोपळा, असं सुरू केलं. त्यांनी तोंड फिरवलं. तेव्हा मला युक्ती सुचली. म्हटलं, बाबा, तुम्ही आता अंतराळवीर. त्यांचंही जेवण असंच गिळगिळीत, पिशवीतलं. त्यांनाही चव लागत नाही, सर्दी झाल्यासारखं नाक चोंदतं. त्यांच्याच मागावरच्या टॉवेलानं मी अंग पुसायची, पडू नयेत म्हणून पलंगाला कठडा बांधला होता. सगळं जुळत होतं. ते अर्ध्या ओठानं हसायचे आणि घास घ्यायचे. कधी उतरायचं, असं विचारायचे. मी म्हणायची, अजून थोडे दिवस. मला माझ्या हुशारीचा अभिमानच वाटत होता, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी पेजेची वाटी त्यांनी हातानं बाजूला केली.

"मला निगायचं हाय," ते अडखळत म्हणाले. "भाकरी बांध की."

मला कळलं ते काय म्हणतायत. कळलं म्हणूनच मी घाबरले आणि वर्गातल्यासारखी बोलले. "बाबा, अंतराळात भाकरी चालत नाही. कण उडतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. "व्हय की," म्हणाले. "इसरलोच." आणि गुणी मुलासारखं त्यांनी तोंड उघडलं. मी पेज भरवली. चौथ्या दिवशी ते गेले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला मैंदर्गीहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण, तोंडात एकही दात नाही. सवयीनं येताना कडक भाकऱ्यांची चवड घेऊन आलेली. वंदना झाली, माणसं जेवून गेली, मग ती स्वयंपाकघरात एकटीच बसली. तिनं एक भाकरी वाटीत कुस्करली, वरून गरम दूध ओतलं, झाकण ठेवलं. थोड्या वेळानं बोटांनी दाबून पाहिलं. लोण्यासारखा लगदा झाला होता. ती तो न चावता गिळू लागली.

मला लहानपणापासून हे माहीत होतं. मला दात नव्हते तेव्हा आईनं मला असंच भरवलं. इथं तान्ह्या पोरांना असंच देतात, म्हाताऱ्यांना असंच देतात. डॉक्टर म्हणाले होते, मऊ आणि दाटसर. आणि माझ्या डोक्यात मात्र तेवढे कण तरंगत होते. मी ओट्यापाशी उभी होते.

आत्यानं वाटी खाली ठेवली. "त्याला लई आवडायची अशी," ती म्हणाली. "देत हुतीस न्हवं?"

तिचे डोळे भरून आले होते.

"व्हय," मी म्हणाले. "रोज."