रुक्माच्या वाटचं नीरांजन

आमच्या घरी तीन गोष्टी न मागता येतात: जुन्या साड्या, उपदेश आणि किस्से. साड्या मी वाटून टाकते, उपदेश बायका ऐकून सोडून देतात, किस्से मात्र माझ्याकडे पडून राहतात. परवा मैत्रिणी जमल्या तेव्हा एक सांगायला घेतला, तर त्याच्यामागून सगळेच निघाले. सांगताना हसू येत होतं, आणि सांगून संपेपर्यंत डोकं तापलं होतं.

घर म्हणजे माझं नव्हे. देवासला एका देवस्थान ट्रस्टने जेलमधून सुटलेल्या बायकांसाठी घर काढलंय. सासर-माहेर दोन्हींकडे कुणी दार उघडत नाही, अशा बाईने आपल्या पायांवर उभं राहीपर्यंत इथे राहायचं. मी तिथली गृहमाता. शाळेतून रिटायर झाले तेव्हा ट्रस्टचे सेक्रेटरी भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, पुण्याचं काम आहे." पगार ऐकला आणि खात्री पटली.

भाऊसाहेब माणूस वाईट नाही, असं मी स्वतःला रोज सांगते. त्यांना राग येतो तो एकाच गोष्टीचा. आमच्या बायका त्यांना 'भिया' म्हणतात, म्हणजे भैया. माळव्यात भाजीवालाही भिया आणि तहसीलदारही भिया. पण ह्यांचे पणजोबा दरबारात मानकरी होते. "भाऊसाहेब म्हणायचं," ते दर खेपेला समजावतात.

"जी भिया," बायका म्हणतात.

*

संक्रांतीला ट्रस्टच्या महिला मंडळाने घरात हळदीकुंकू ठेवलं. अध्यक्ष सुलभाताई करंडा घेऊन ओळीने निघाल्या आणि गंगाबाईसमोर येऊन थबकल्या. गंगाबाई नवऱ्याच्या खुनात शिक्षा भोगून आलेली.

सुलभाताईंनी मला बाजूला घेतलं. "हिला लावायचं का हो? म्हणजे, हिचे मिस्टर..."

"नाहीत."

"म्हणजे तशी विधवाच. पण मग तिनेच तर..."

आमच्या मराठी घरांतून कुंकू कुणाला लावावं, कुणाला लावू नये, यावर अजून इतका विचार होतो. त्या बाईचा नवरा तिला रोज मारत होता तेव्हा शेजारपाजारी कुणी एवढा विचार केला असता तर ती आमच्याकडे आलीच नसती. मी हे बोलणार होते, पण गंगाबाईचे कान तिखट आहेत.

"लगा दो बाईजी," ती म्हणाली. "उसके जीते-जी तो इस माथे पे टाँके ही लगे हैं."

सुलभाताईंनी कुंकू लावलं.

*

कॉलनीत काहीही हरवलं की हवालदार पहिला आमच्याकडे येतो. एकदा समोरच्या बंगल्यातली स्कूटी गेली. हा सकाळी सकाळी अंगणात हजर, काठी आपटत, "कौन-कौन निकली थी रात को?"

माझा संताप झाला. पण गंगाबाईने त्याला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "साहब, रात को तो बाहर से ताला लगता है. चाबी भिया के पास रहती है. उनसे पूछ लो, कहीं वो तो नहीं ले गए."

कुलूप खरंच लागायचं. "भगिनींच्या सुरक्षेसाठी," असं भाऊसाहेब म्हणायचे. सुटून आलेल्या बाईला पुन्हा बाहेरून कुलूप! मी किती भांडले होते त्यावरून, पण मीटिंगमध्ये माझं बोलणं चहाबरोबर संपायचं.

हवालदार सरळ भाऊसाहेबांच्या बंगल्यावर गेला. स्कूटी संध्याकाळी सापडली, मालकाचाच भाचा ती घेऊन हाटपिपल्याला नृसिंहाच्या दर्शनाला गेला होता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराला कुलूप लागलं नाही.

*

पापडांचं सांगते. आमच्या बायका उडदाचे पापड करतात, झकास करतात. धारला प्रदर्शन होतं, ट्रस्टने स्टॉल घेतला आणि हौसेने लेबलं छापली: 'पश्चात्तापदग्ध भगिनींच्या हातचे उडीद पापड'. खाली तीच ओळ हिंदीत.

लोक पाकीट उचलायचे, वाचायचे, ठेवून द्यायचे. एकाने तर हसत विचारलं, "मिला तो नहीं दिया कुछ?" गंगाबाई माझ्या शेजारीच बसली होती. तिने मान खाली घालून पाकिटांची थप्पी उगाच सरळ केली. त्या माणसाला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी मी सगळी लेबलं खरवडून काढली. संध्याकाळपर्यंत स्टॉल रिकामा.

पुढच्या आठवड्यात सुलभाताई भेटल्या. "अहो, धारहून पापड आणलेत. कुणातरी सोज्वळ घरातल्या बाईचा हात आहे हो, लगेच कळतं!"

मी हात कुणाचा ते सांगितलं. त्यांनी परत पापडांचा विषय काढला नाही. त्यांचे मिस्टर मात्र मागच्या दाराने येऊन पापड घेऊन जातात.

*

मग रुक्मा आली आणि आमच्या ट्रस्टची खरी पंचाईत झाली.

रुक्मा धारकडच्या बाग गावाजवळच्या एका खेड्यातली. तिचा नवरा विहिरीत पडून मेला. दिराने, हिनेच ढकललं म्हणून केस केली. साक्षीला उभी केली रुक्माचीच मुलगी, मंजू. सात वर्षांचं पोर. काकाने पढवलं ते तिने कोर्टात म्हणून दाखवलं: "मम्मी ने धक्का दिया." रुक्मा आत गेली, जमीन दिराकडे गेली, मंजूही त्याच्याकडेच वाढली. कितीतरी वर्षांनी वरच्या कोर्टाने सांगितलं, पोरीची साक्ष पढवलेली आहे, बाई निर्दोष आहे. सोडा.

सोडलं, पण जाणार कुठे? माझ्याकडे आली.

आमच्याकडे रोज संध्याकाळी एक विधी असतो. प्रत्येक बाईने देवापुढे आपलं नीरांजन लावायचं आणि म्हणायचं, 'देवा, माझ्या हातून जे घडलं त्याची क्षमा कर.' भाऊसाहेबांची कल्पना. रुक्माने पहिल्याच संध्याकाळी काडेपेटी खाली ठेवली. "मेरे हाथ से तो कुछ हुआ नहीं."

भाऊसाहेब धावत आले. "वहिनी, हे घर शिक्षा भोगून पश्चात्ताप झालेल्या भगिनींसाठी आहे. निर्दोष बाईसाठी आपल्या नियमांत जागाच नाही."

"मग काय, कुणाला मारून येऊ दे तिला?" मी म्हटलं.

"तुम्ही प्रत्येक गोष्ट वाकडी घेता. भावना महत्त्वाची असते. नीरांजन लावलं की झालं, कोर्टाचं कोण विचारतंय?"

कोर्टाचं कोण विचारतंय! एवढ्या वर्षांनी तिला मिळालेली तेवढी एकच गोष्ट होती. रोज संध्याकाळी बाकीच्यांची नीरांजनं तेवायची आणि रुक्माच्या वाटचं तसंच राहायचं. शेवटी भाऊसाहेबांनी ठरवून टाकलं. वर्धापनदिनाला सगळ्या देणगीदारांसमोर तिने नीरांजन लावायचं. लावलं तर मागची खोली तिची, मुलगी आली तर तीही राहू शकेल. नाही लावलं तर सामान बांधायचं.

खोली आणि मुलगी. रुक्माला जगात दुसरं काही नकोच होतं.

*

मंजू एकदा आली होती. चांगली उंच झालेली, दुपट्टा घट्ट गुंडाळलेली. फाटकाच्या आत पाऊल टाकेना.

"वो मेरे बारे में कुछ बोलती हैं?" तिने मला विचारलं.

"खाटेवर अर्ध्याच जागेत झोपते," मी म्हटलं. "बाकीची रिकामी ठेवते. आत ये."

ती नाही आली. हातातली मक्याची पिशवी माझ्याकडे दिली आणि वळली. आईच्या नजरेला नजर द्यायची कशी, हे त्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. काय शिकवायचं ते काकाचं शिकवून झालं होतं, आणि तो मजेत शेती करतोय.

रुक्माने पिशवीत हात घालून कणसं चाचपली. "दुबली तो नहीं हो गई?" एवढंच विचारलं.

*

वर्धापनदिन देवळाच्या सभामंडपात झाला. पुढच्या रांगेत भाऊसाहेब, पाहुणे म्हणून आलेले एक बिल्डर, सुलभाताई, सगळे देणगीदार. मी मंजूला फोन केला होता, ती येईल असं वाटलं नव्हतं. आली, आणि शेवटच्या रांगेत चपलांपाशी बसली. रुक्माने तिला पाहिलं.

एकेक बाई वर गेली, नीरांजन लावून, क्षमा मागून, टाळ्या घेऊन खाली आली. रुक्माची पाळी आली. तिने नीरांजनाची थाळी उचलली आणि वर न चढता सरळ भाऊसाहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"भिया, मेरे हाथ से तो कुछ हुआ नहीं. जिसके हाथ से हुआ हो, वो लगा दे."

थाळी तिने त्यांच्या हातात दिली. वर काडेपेटी.

भाऊसाहेबांनी ती बिल्डरकडे सरकवली. बिल्डरने सुलभाताईंकडे. देवाची थाळी, जमिनीवर ठेवता येईना, आणि हातात तर कुणालाच नको. डॉक्टरांकडून वकिलांकडे, वकिलांकडून त्यांच्या सौभाग्यवतींकडे. कुणी हसत, कुणी नमस्कार करून, जो तो पुढे देत गेला. रांगेमागून रांग करत थाळी चपलांपाशी पोचली.

मंजूने ती घेतली. पहिली काडी विझली, दुसरी पेटली. वात लागली.

"मेरे मुँह से..." ती म्हणाली. "मेरे मुँह से जो हुआ..."

रुक्मा मधल्या वाटेतून धावत गेली. वाकली आणि पेटती वात दोन बोटांत धरून तिने विझवली. "अगं, देवाचा दिवा तो," मागून सुलभाताई ओरडल्या. रुक्माने एका हातात थाळी घेतली, दुसऱ्या हाताने मंजूचं मनगट धरलं आणि तिला तशीच ओढत सगळ्या सभामंडपातून पुढच्या रांगेपर्यंत आली. थाळी भाऊसाहेबांच्या मांडीवर ठेवली.

"आगे बढ़ाओ, भिया. इसका नंबर नहीं है."