आडवी बाटली

रविवार सकाळ. गिरणीवर हजर: मी, धाकटी जाऊ, गिरणीवाल्या मावशी. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं का, यावर उद्या आम्हा बायकांचं मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मावशी हल्ली दिसेल ती बाटली आडवी करतात. आज माझी तेलाची केली, तेल पिठात!

“अहो मावशी!”

“चपात्या मऊ हुतील. सासू उद्या मताला येनार ना? यादीतल्या निम्म्या बाया आडवीला लागत्यात. घरी बसली ती उभीच!”

बोलता बोलता त्यांनी दारात पिऊन पडलेल्या लेकाच्या डोक्याखाली रिकामं पोतं सारलं.

दुकानदार सासूबाईंचा भाचा. त्यांना अजून विचारलेलं नाही.